घुमट गळतो

ताजमहाल म्हटले की आपल्याकडे वाहवा ठरलेलीच. मुशायरा असो, शाळेच्या भिंतीवरचे चित्र असो. फ्रेंच हकीम बर्नियेने तर 1663 मध्ये इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षाही ताजला वरचा मान दिला. त्याच्या अकरा वर्षे आधी मात्र एक माणूस तिथे जाऊन आला, आणि त्याला दिसली ती गळती. हा माणूस म्हणजे शाहजादा औरंगजेब.

1652 च्या डिसेंबरात दख्खनच्या सुभेदारीवर निघताना तो आग्र्याला थांबला. त्या भेटीनंतर वालिदांना लिहिलेले पत्र ‘आदाब-ए-आलमगिरी’त आहे. इमारती मजबूत आहेत एवढे सांगून तो थेट दुखण्यावर येतो. पावसाळ्यात मोठा घुमट उत्तरेकडून दोन जागी गळतो. कमानी, वरच्या मजल्याच्या खोल्या, लहान घुमट, सगळीकडे पाणी. वरचे छत उकलून नव्याने चुना घातला तर बाकीचे सावरेल, पण मोठ्या घुमटाचा इलाज मिस्त्रींना सुचत नाही. नदीपलीकडची मेहताब बाग पुरात बुडाली. इमारतीला जणू नजर लागली आहे, आपण लक्ष घालावे, अशी विनंती.

‘पाहा, किती रूक्ष माणूस!’ म्हणून हे पत्र पुढे केले जाते. मला ते पटत नाही. बर्निये पाहुणा होता. याच्या आईची ती कबर होती. ती गेली तेव्हा हा बारा वर्षांचा. पाऊस पडला की घुमटाखाली काय होत असेल, हे मुलाच्या मनात येणारच.

आणि मुमताज वारली ती आपल्या खानदेशात, बुऱ्हाणपूरला, 17 जून 1631 रोजी. सहा महिने तिची मय्यत तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत होती. हीच तापी पुढे प्रकाशाला येते आणि आमच्या शहादा-लोणखेड्याची गोमाई तिला मिळते. वर्गात हे सांगितले तर एका पोराने विचारले, “सर, वो रोया नहीं क्या?” मी म्हटले, पत्रात गळतीचा हिशेब आहे, बाकी तू ठरव.

पोराला एक गोष्ट सांगायची राहिली. 1653 मध्ये शाहजादा बुऱ्हाणपुरात पोचला. ‘मआसिर-उल-उमरा’ सांगतो की जैनाबादच्या हरणबागेत हिराबाई नावाच्या गाणारणीने उडी मारून झाडाचा आंबा तोडला, आणि ताजपुढे छत तपासणारा हा माणूस तिथे भान हरपून बसला. आईची पहिली कबर होती, तेच हे जैनाबाद.