पायी चालणाऱ्याची वहिवाट

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून प्रस्थान ठेवलेली तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करीत दौंड तालुक्यातील पाटस या गावी पोहोचते, तेथे दुपारचा विसावा घेते आणि मग रोटी घाटाच्या वाटेला लागते. घाटाची चढण रथाच्या नेहमीच्या बैलांना एकट्याने पेलत नाही, म्हणून शेतकरी आपापल्या बैलजोड्या आणून रथाला जुंपतात; सर्वांत पुढच्या जोडीचा कासरा धरलेला एखादा तरुण मागे रथाकडे पाहत पाहत, उलट्या पावलांनी तो चढ चढत असतो, आणि आपल्या पाठीमागे काय आहे याची त्याला तिळमात्र काळजी नसते, कारण त्याच्या पाठीमागे टाळकऱ्यांच्या रांगांखेरीज दुसरे काही असणार नाही, ही त्याची खात्री असते. एरवी याच रस्त्यावर पाठ फिरवून चार पावले टाकण्याचे धाडस कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. पायी चालणारा आषाढाच्या तोंडावर एक दिवस रस्त्याचा धनी असतो आणि उरलेले वर्षभर त्याच रस्त्याच्या कडेने अंग चोरून चालतो, हे का घडले, याचा शोध घेऊ लागले म्हणजे पाटसच्या वाटेचा इतिहास पुष्कळ मागे घेऊन जातो.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये पालखीचा हा सोहळा सुरू केला, असे परंपरा मानते. पुढे पताकाधारी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मग डोईवर तुळस घेतलेल्या स्त्रिया, प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला, आणि चोपदाराचा चोप वर गेला की हजारोंचा समुदाय क्षणात स्तब्ध, ही या सोहळ्याची शिस्त सर्वांच्या परिचयाची आहे. मला तिचे महत्त्व भक्तीइतकेच व्यवहाराच्या दृष्टीनेही वाटते. वाहतुकीचे कायदे या देशात होण्याच्या कितीतरी आधी, अरुंद वाटेने मोठा समुदाय कोणाला धक्का न लागता कसा न्यावा, याची रीत या मुलखातील साध्या माणसांनी बसवली होती.

पाटस ज्या मुलखात येते ती भीमथडी, म्हणजे भीमेच्या काठची भूमी. तिची तट्टे मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती, आणि जुन्या भीमथडी तालुक्यातूनच पुढे दौंड व बारामती हे तालुके झाले. त्या काळी वाटसराला भय असे ते वाहनाचे नव्हे, वाटमाऱ्यांचे. परंतु त्या भयाची तजवीज ज्या पद्धतीने केलेली होती ती आजच्या वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे. गावच्या शिवेत चोरी झाली, वाटसरू लुटला गेला, तर चोर धरून देणे अथवा गेलेल्या मालाची भरपाई करणे ही जोखीम गावावर असे. पाटील त्याला जबाबदार आणि रामोशी हा त्याचा रखवालदार. चोराच्या पावलांचा माग काढीत रखवालदार आपल्या शिवेपर्यंत जात, आणि माग पुढच्या गावच्या हद्दीत शिरला आहे असे दाखवून दिले म्हणजे ती जोखीम त्या गावच्या माथी जाई. अंमल सगळीकडे सारखा चोख होता असे मी म्हणत नाही, आणि या व्यवस्थेचा भार गावगाड्यातल्या शेवटच्या माणसांवर पडे, हेही विसरता येत नाही. तथापि तत्त्व स्पष्ट होते: वाट कोणाचीही असो, वाटेवरच्या माणसाचा कोणीतरी उत्तरदायी असला पाहिजे, आणि त्या उत्तरदायित्वाला शीव असली पाहिजे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५८ मध्ये पुण्याहून पूर्वेस डिकसळपर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला, तेव्हा लांबचा उतारू आणि लांबचा माल या मार्गाने जाऊ लागला. त्याचा एक परिणाम असा झाला की सोलापूरचा रस्ता पुढची पन्नासएक वर्षे बैलगाडीला, घोड्याला आणि पायी चालणाऱ्याला जवळजवळ मोकळा मिळाला. रात्रीच्या गाडीच्या आखाखाली टांगलेला कंदील तेवढा त्या रस्त्यावर हलताना दिसे. त्याचा उजेड इतका मंद की गाडीवानाला त्याने वाट दिसत नसे. तो कंदील दुसऱ्यासाठी होता, समोरून किंवा मागून येणाऱ्याला ‘येथे कोणी आहे’ एवढे कळावे म्हणून होता. आज उसाने शिगोशिग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या मागचा लाल दिवा नसताना काळोखात कारखान्याकडे जाताना दिसल्या की मला त्या आखाखालच्या कंदिलाची आठवण होते. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना असल्यामुळे हंगामात हे दृश्य येथे नवे नाही.

मोटार आली आणि रस्त्याचा धनी बदलू लागला. हिंदुस्थान सरकारने १९१४ मध्ये मोटारींचा पहिला सर्वदेशीय कायदा केला. त्याच्या जागी १९३९ चा कायदा आला, आणि त्याच्याही जागी १९८८ चा. रस्ते बांधावयास पैसा कोठून आणावा, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. रस्त्यांचा खर्च प्रांतांच्या व लोकल बोर्डांच्या आवाक्याबाहेर गेला आहे, तेव्हा मध्यवर्ती सरकारने तो उचलावा, असे त्या समितीने १९२८ मध्ये सांगितले. पुढच्या वर्षी दर गॅलन पेट्रोलमागे दोन आणे जादा जकात बसवून रस्त्यांचा स्वतंत्र निधी उभा राहिला. १९४३ मध्ये नागपुरास भरलेल्या मुख्य इंजिनियरांच्या परिषदेने राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि गावरस्ते अशी प्रतवारी केली. पाटसचा रस्ता त्या प्रतवारीत वरच्या पायरीवर गेला, आधी ९ क्रमांकाचा व आता ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाला. निधी पेट्रोलचा, प्रतवारी गाड्यांच्या सोयीची. ज्याने पेट्रोल जाळले नाही त्या पायी चालणाऱ्याचा हिस्सा त्या हिशेबात कोठेच मांडलेला नव्हता.

याच जयकरांकडे १९४८ मध्ये नव्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरुपद आले. देशाच्या रस्त्यांची घडी बसविणारा आणि आमच्या विद्यापीठाची घडी बसविणारा पुरुष एकच असावा, या योगाचे मला नेहमी नवल वाटते. विद्यापीठाला मिळाले ते गणेशखिंडीतले जुने गव्हर्नमेंट हाउस व त्याभोवतीची ४११ एकरांची झाडी; तो परिसर गव्हर्नरच्या बग्गीसाठी आखलेला. मग त्याच्या वेशीवरच्या चौकात चोहोंकडचे रस्ते येऊन मिळाले, शहर औंध-बाणेरच्या बाजूने वाढत गेले, आणि जयकरांचे नाव असलेल्या ग्रंथालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला वाटेवरचा सर्वांत अवघड प्रश्न हा चौक ओलांडण्याचा होऊन बसला. गाड्यांसाठी तेथे उड्डाणपूल बांधला. तो अपुरा ठरून १९२० च्या दशकातल्या त्या समितीला शंभर वर्षे होत आली असता, २०२० मध्ये, पाडावाही लागला, आणि दुसरा उभारण्यात आला. पुलांवर जेवढा विचार खर्च झाला त्याच्या दशांशही जर पायी रस्ता ओलांडणाऱ्यावर झाला असता, तर आज लिहावयास वेगळे काही असते.

पाटसचा आणि त्या चौकाचा संबंध दूरचा नाही. पाटस पुण्याहून सुमारे ६० किलोमीटरवर. या पट्ट्यातली मुले-मुली शिक्षणासाठी दौंडला, बारामतीला, पुण्याला जातात. संध्याकाळी एस. टी. मधून उतरलेली एखादी मुलगी दप्तर छातीशी धरून दुभाजकाच्या फटीत उभी असते. एका बाजूची वाहने संपून दुसऱ्या बाजूची सुरू होण्यापूर्वी ती एक पाऊल पुढे टाकते, ट्रकच्या दिव्यांचा झोत अंगावर आला की तेच पाऊल मागे घेते. पुन्हा टाकते, पुन्हा घेते. चार पदरी रस्ता झाल्यापासून अंतर दुप्पट झाले, वेग वाढला, आणि तिच्या पायांना मात्र तेवढाच वेळ उरला.

कायद्याने तिचा विचार केला, पण तो बहुशः अपघात घडून गेल्यानंतरचा. तिसऱ्या पक्षासाठी सक्तीचा विमा १ जुलै १९४६ पासून अमलात आला, आणि १९५६ च्या दुरुस्तीने नुकसानभरपाईची न्यायाधिकरणे आली. मेलेल्या माणसाची किंमत ठरविण्याची सोय झाली. जिवंत माणसाने रस्ता सुखरूप ओलांडावा याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला हात घातला तो २०१९ च्या दुरुस्तीने. रस्त्याची आखणी, बांधणी व देखभाल ठरलेल्या प्रमाणांनुसार न केल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व ओढवले, तर त्या कामास जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यास, ठेकेदारास वा सल्लागारास एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद कलम १९८-अ मध्ये आहे. ही रक्कम अल्प आहे, पण तत्त्व मला ओळखीचे वाटते. शिवेतल्या वाटसराची जोखीम कोणाच्या तरी नावावर घालणारे ते आमचेच जुने तत्त्व आहे. फक्त माग काढीत जाणारा रखवालदार अजून नेमावयाचा आहे.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपुरात संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसविण्यात आली. पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटरचा हा मार्ग, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट, असा त्याचा संकल्प. पेट्रोलच्या निधीच्या काळापासून जो हिशेबाबाहेर राहिला होता त्या पायी चालणाऱ्यासाठी महामार्गाच्या आराखड्यात जागा राखली जावी, ही गोष्ट मी लहान मानत नाही, आणि तिचा आरंभ पाटसपासून व्हावा याचा मला अभिमान वाटतो. म्हणूनच माझी बांधकाम खात्याला, महामार्गाच्या अधिकाऱ्यांना आणि पाटसच्या ग्रामपंचायतीला एवढीच विनंती आहे की ही पायवाट पालखीच्या वाटेपुरती न थांबवता ती एस. टी. च्या थांब्यापर्यंत आणि शाळांच्या दारापर्यंत आणावी, जेथे मुले रस्ता ओलांडतात तेथे भुयारी वाट अथवा सिग्नल द्यावा, तेथे रात्री दिवा लावावा, आणि तो विझला तर कोणाला विचारावयाचे त्या अधिकाऱ्याचे पद व दूरध्वनी क्रमांक खांबावर मराठीत लिहून ठेवावा.