प्रॉपेलर शाफ्टची थरथर (जुने पिकअप)

गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे बळ नेणाऱ्या शाफ्टमधील दोषामुळे गाडीत उठणारा कंप. पाचोऱ्यासारख्या कापसाच्या मुलखात माल वाहून थकलेल्या बोलेरोसारख्या जुन्या पिकअपमध्ये अशी थरथर आढळते.

पहिला संशय बिचाऱ्या टायरांवर जातो. शाफ्ट मात्र चाकाच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक, घुमणारी. चाकाची संथ, डुलती. मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करूनही कंप तसाच राहिला, तर इंजिन बहुधा निर्दोष.

मग क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला चौफुलीसारखा तुकडा) आणि सेंटर बेअरिंग (शाफ्टचा मधला आधार) हाताने हलवून पाहावेत. कोनात फिरणाऱ्या क्रॉसचा वेग दर फेरीत दोनदा कमीजास्त होतो. ओझ्याने कमानपाटे बसले की तो कोन बदलतो. त्यामुळे गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा तपासावी.

शाफ्ट उतरवण्याआधी खुणा कराव्यात. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत जुळले नाहीत, तर नवा क्रॉस टाकूनही थरथर जात नाही.