विश्वेश्वर, बिंदुमाधव आणि पैठणचे भट्ट घराणे

काशीतील महाराष्ट्रीयांचा इतिहास सांगताना बहुधा घाटांची आणि वाड्यांचीच गणती होते. शिंदेघाट, भोसलेघाट, अहिल्याघाट ही नावे नावेतून जाणाऱ्या कोणाही यात्रेकरूच्या कानी पडतात. परंतु महाराष्ट्राने या नगरीला दिलेली एक गोष्ट दगडात नसून ग्रंथात आहे, आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म इ. स. १५१३) यांचा धर्मशास्त्रातील अधिकार उत्तरेतील पंडितांनीही मानला. विश्वेश्वराचे देवालय इ. स. १५८५ च्या सुमारास पुन्हा उभे राहिले, ते त्यांच्या पुढाकाराने आणि राजा तोडरमलाच्या साहाय्याने. प्रयाग, काशी व गया यांच्या यात्राविधीवर त्यांनी ‘त्रिस्थलीसेतु’ रचला. त्यात एक अवघड प्रश्न त्यांनी टाळलेला नाही. राज्यकर्त्यांच्या उपद्रवाने मूळ लिंग नाहीसे झाले, तर यात्रेकरूने काय करावे? त्यांचा निर्णय असा की, त्या स्थानी जे लिंग असेल त्याचेच पूजन करावे. आणि लिंगच उरले नाही, तरी स्थानाला नमस्कार व प्रदक्षिणा करावी. अभिषेकादी विधी मात्र आधाराअभावी होणार नाहीत. ज्याने देवालय उभारले, त्यानेच ते नसतानाचा आचारही लिहून ठेवावा, याला केवढा धीर लागला असेल!

या निर्णयाची कसोटी पुढे लागली. इ. स. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने विश्वेश्वराचे देवालय पाडले गेले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडी गेलेले गागाभट्ट हे नारायणभट्टांचेच पणतू. ‘गागा’ हे लाडाचे नाव. खरे नाव विश्वेश्वर. अहिल्याबाई होळकरांनी जुन्या स्थानाशेजारी आजचे मंदिर बांधले, ते इ. स. १७८० च्या सुमारास. मधल्या एकशे दहा वर्षांत काशीची यात्रा खंडित झाली नाही, यात त्या ग्रंथाचाही वाटा असावा असे आम्हांस वाटते.

पंचगंगा घाटावरील बिंदुमाधवाचे देवालयही औरंगजेबाच्याच काळात गेले. काशीखंडातील कथा अशी: राजा दिवोदासाच्या प्रसंगी विष्णू काशीत आले असता, पंचनद तीर्थावर तप करणाऱ्या अग्निबिंदु ऋषीने त्यांना तेथेच राहण्याचा वर मागितला. देवाने वर तर दिलाच, शिवाय ऋषीच्या नावातील ‘बिंदु’ आपल्या नावाआधी लावून घेतला. भक्ताचे नाव आधी आणि देवाचे मागून, ही गोष्ट पंढरीची वारी ऐकत वाढलेल्या आम्हां मंडळींना विशेष जवळची वाटते. देवालयाच्या जागी मशीद झाली, तरी तिचे उंच मनोरे लोकांच्या तोंडी ‘माधवराव का धरहरा’ म्हणूनच राहिले. देवाला जवळच दुसरे घर मिळाले. ते मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. बाहेरून ते वाड्यासारखेच दिसते, आणि नवखा मनुष्य त्यावरून सरळ पुढे निघून जातो.

कार्तिकात मात्र वाट विचारावी लागत नाही. घाटावर उंच वेळूंना टोपल्यांतून आकाशदिवे चढतात, अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ उजळतो, आणि पहाटेच्या स्नानाला आलेली मराठी कुटुंबे ओल्या वस्त्रांनी पायऱ्या चढून बिंदुमाधवाच्या दर्शनाला जातात.