मॅनॉन रेओम : वीस मिनिटांच्या मागेपुढे

२३ सप्टेंबर १९९२. फ्लोरिडातील टँपा शहर. ‘टँपा बे लाइटनिंग’ हा एनएचएलमधील, म्हणजे आइस हॉकीच्या जगातील सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमधील, नवाकोरा संघ सेंट लुईस ब्लूजविरुद्ध हंगामपूर्व सराव सामना खेळत होता. त्याच्या गोलजाळ्यासमोर वीस वर्षांची एक तरुणी उभी होती : मॅनॉन रेओम. ती एकच सत्र, म्हणजे वीस मिनिटे खेळली. नऊ फटके आले, सात तिने अडवले, दोन आत गेले. एनएचएल संघाकडून सामन्यात उतरलेली ती पहिली स्त्री.

बहुतेक ठिकाणी तिची कथा इथेच सुरू होते आणि इथेच संपते. हा थ्रेड त्या वीस मिनिटांच्या मागचा आणि पुढचा आहे.

प्रथम अवघड प्रश्न. हा प्रसिद्धीचा डाव होता काय? होता. संघाचे सर्वेसर्वा फिल एस्पोझिटो यांनी ते कधी लपवले नाही. जिथे बर्फच पडत नाही अशा प्रदेशात नव्या संघाची तिकिटे खपवायची होती. परंतु बोलावणाऱ्याचा हेतू आणि बोलावलेल्या व्यक्तीची योग्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि इतिहास लिहिताना त्यांची गल्लत फार सहज होते. टँपाला येण्यापूर्वी त्याच वर्षी फिनलंडमधील टँपेरे येथे कॅनडाने महिलांचे जगज्जेतेपद जिंकले होते. त्या संघाची गोलरक्षक रेओमच होती.

तिचा जन्म १९७२ चा, क्वेबेक प्रांतातला. भावांच्या संघाला गोलरक्षक हवा होता, म्हणून लहानपणीच ती जाळ्यासमोर उभी राहिली. १९८४ मध्ये क्वेबेकच्या प्रसिद्ध पी-वी स्पर्धेत ती मुलांच्या बरोबरीने खेळली, तर नोव्हेंबर १९९१ मध्ये त्र्वा-रिव्हिएर संघाकडून पुरुषांच्या मेजर ज्युनियर सामन्यात उतरली.

पण गोलरक्षकच का? पुरुषांच्या आइस हॉकीत अंगाने धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला रोखणे नियमसंमत आहे. गोलरक्षकाला मात्र नियमांचे संरक्षण असते. त्यामुळे या जागी वजनापेक्षा डोळ्यांची चपळाई, कोनांचे गणित आणि धीर यांना अधिक मोल येते. पुरुषांच्या संघात शिरण्यासाठी स्त्रीला उघडी असलेली फट जवळजवळ हीच होती. म्हणूनच रेओमच्या आधी, १९६९ मध्ये, मिशिगनमधील मार्क्वेट येथील पुरुषांच्या संघातून मानधन घेऊन खेळलेली कॅरन कॉख हीदेखील गोलरक्षकच होती! (‘पहिली’ हे विशेषण वापरताना हात थोडा आखडता घ्यावा, तो यासाठी.)

टँपाने रेओमशी करार केला आणि तिला आपल्या दुय्यम संघाकडे, अटलांटा नाइट्सकडे, पाठवले. १३ डिसेंबर १९९२ रोजी ती नियमित हंगामातील व्यावसायिक सामन्यात काही मिनिटे खेळली. पुढची वर्षे नॉक्सव्हिल, नॅशव्हिल, लास व्हेगास, रीनो अशा किरकोळ लीगमधील संघांत गेली. गावे पुष्कळ, सामने थोडे. मला तिच्या कारकिर्दीचा हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. गोलरक्षक घडतो तो सामन्यांत, बाकावर नव्हे. आणि खेळून पोट भरता येईल अशी महिलांची लीग तेव्हा अस्तित्वातच नव्हती. १९९४ मध्ये ती पुन्हा जगज्जेती ठरली, तरी पगारासाठी तिला पुरुषांच्याच संघांची दारे ठोठावावी लागत.

१९९७ च्या जागतिक स्पर्धेसाठी तिला वगळण्यात आले. ती परत आली आणि १९९८ मध्ये नागानोला गेली. महिलांच्या आइस हॉकीचे ते पहिलेच ऑलिंपिक. १७ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला ३-१ असे हरवले. त्यांतील दोनच गोल रेओमवर झाले. बरोबरी साधण्याच्या धडपडीत कॅनडाने गोलरक्षकाला बाहेर बोलावून जादा आक्रमक उतरवला होता, आणि तिसरा गोल त्या रिकाम्या जाळ्यात गेला. तिच्या वाट्याला रौप्यपदक आले.

महिला खेळाडूंना पगार देणारी लीग उत्तर अमेरिकेत २०१५ मध्ये उभी राहिली. पुढे नव्या पीडब्ल्यूएचएलचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ रोजी टोरांटोत झाला. न्यूयॉर्कने तो ४-० असा जिंकला. त्यांच्या जाळ्यासमोर कोरिन श्रोडर होती, आणि ती सामना संपेपर्यंत तिथेच होती.