कडाक्याच्या थंडीत सशांच्या नवजात पिलांची जपणूक

हिमाचल प्रदेशातील कुल्लू खोऱ्यात लोकरीसाठी अँगोरा सशांचे पालन केले जाते. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्रही याच जिल्ह्यात, गडसा येथे आहे. राजस्थानातील अविकानगर येथे मुख्यालय असलेली ही संस्था 1962 साली स्थापन झाली. दाट लोकरीमुळे प्रौढ सशांना पहाडी थंडी मानवते. त्यांच्या नवजात पिलांची स्थिती मात्र अगदी उलट असते.

गर्भधारणेनंतर 30 ते 32 दिवसांनी मादी विते. जेमतेम 40 ते 60 ग्रॅम वजनाच्या या पिलांच्या अंगावर केस नसतात, डोळे व कान बंद असतात. पहिले काही दिवस शरीराचे तापमान राखण्याची क्षमता त्यांच्यात फारच कमी असते. ऊब मिळते ती कोरड्या घरट्यातून, मादीने स्वतःच्या पोटाचे केस उपटून केलेल्या अस्तरातून आणि एकमेकांना बिलगून राहण्यातून. त्यामुळे उघड्यावरचा संपूर्ण पिंजरा तापवण्यापेक्षा घरटे कोरडे ठेवणे आणि पिल्ले एकत्र राहतील असे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

प्रसूतीच्या दोन-तीन दिवस आधी पिंजऱ्यात लाकडी पेटी ठेवावी. मादीला वळता येईल, पण पिल्ले विखुरणार नाहीत, एवढीच ती मोठी असावी. तळाला बारीक छिद्रे पाडून रंधा मारताना निघणाऱ्या लाकडाच्या पातळ साली अंथराव्यात व वर मऊ, कोरडे गवत भरावे. कापूस वापरू नये. त्याचे तंतू पिलांच्या पायांना गुंडाळतात. अँगोराची लांब लोकरही तशीच पिलांच्या मानेला अडकू शकते, म्हणून या जातीत घरट्यासाठी आखूड कातरलेली लोकर सोयीची. एखादी मादी पुरेसे केस काढत नाही. अशा वेळी आधीच्या कातरणीतील स्वच्छ लोकर बाजूला ठेवलेली असल्यास उपयोगी पडते.

वाऱ्याच्या दिशेला गोणपाट किंवा फळ्या लावाव्यात, परंतु पिंजरा चहूबाजूंनी बंद करू नये. कोंडलेल्या हवेत बाष्प साचते, मूत्रातील अमोनियाही वाढतो आणि ओले गवत थंडीइतकेच घातक ठरते. विजेचा दिवा लावायचाच असल्यास तो जाळीच्या आवरणात, गवतापासून दूर असावा. सुक्या गवताला आग लागण्याचा धोका खराच आहे.

सर्वाधिक धोका पेटीबाहेर पडलेल्या पिलाला असतो. दूध पिताना आचळाला चिकटून राहिलेले पिल्लू मादीसोबत बाहेर येते आणि मांजरीप्रमाणे त्याला तोंडात धरून परत नेण्याची सवय सशाच्या मादीला नसते. यासाठी पेटीचा उंबरठा सुमारे 15 सेंटिमीटर उंच ठेवावा व सकाळ-संध्याकाळ पाहणी करावी. गारठलेले पिल्लू निपचित दिसले तरी ते मेले असे लगेच समजू नये. त्याला तळहातात धरून किंवा कोमट पाण्याच्या कपड्यात गुंडाळलेल्या बाटलीजवळ ठेवून हळूहळू ऊब द्यावी. अंग गरम होण्यापूर्वी दूध पाजू नये. माणसाचा हात लागला की मादी पिल्ले टाकते, हा समज पाळीव सशांच्या बाबतीत बहुधा निराधार आहे. हात स्वच्छ असले म्हणजे पुरे.

मादी दिवसातून साधारण एकदाच, तेही काही मिनिटेच, दूध पाजते. ती पिलांजवळ दिसत नाही म्हणून घाबरू नये. पिलांचे पोट गोल भरलेले आहे ना, एवढे पाहावे. एक-दोनच पिल्ले असल्यास त्यांना एकमेकांची ऊब पुरत नाही. म्हणून जाणकार पालक दोन माद्यांचे प्रजनन एकाच दिवशी घडवून आणतात व पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्ले एका घरट्यात एकत्र करतात.

पिलांच्या अंगावर आठवडाभरात लव येते, डोळे 10 ते 12 दिवसांनी उघडतात. तरीही थंडीच्या दिवसांत तीन आठवड्यांपूर्वी पेटी काढू नये. ओले झालेले गवत मात्र तत्काळ बदलावे आणि त्यातील कोरडे केस वेचून नव्या अस्तरात पुन्हा घालावेत.