निबंधाचीं अंगें आणि हरवलेला पूर्वपक्ष

निबंधलेखनाचा तास सुरू झाला, कीं फळ्यावरचे तीन शब्द ठरलेले असतात: प्रस्तावना, विवेचन, उपसंहार. पंचवीस वर्षें मींहि ते तसेच लिहिले. विद्यार्थी ते उतरून घेतात आणि विषय कोणताहि येवो, त्या तीन कप्प्यांत मजकूर भरून देतात. असल्या उत्तरपत्रिका तपासतां तपासतां मनांत शंका आली, कीं हे शब्द आपणांकडे आले कोठून, आणि येतांना वाटेंत कांहीं गळून तर पडलें नाहीं?

‘निबंध’ या शब्दांत बांधणें हा अर्थ आहे. धर्मशास्त्रांत विखुरलेलीं वचनें एकत्र आणून, त्यांतील विरोधाचा परिहार करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांस निबंध म्हणत. बाराव्या शतकांतील लक्ष्मीधराचा कृत्यकल्पतरु, देवगिरीच्या यादवांच्या पदरीं असलेल्या हेमाद्रीचा चतुर्वर्गचिंतामणि, कमलाकरभट्टाचा १६१२ मधील निर्णयसिंधु, हे सर्व निबंधच होत. उलट फ्रान्सांत माँतेन यानें १५८० मध्यें आपल्या लेखांस जें नांव दिलें, त्याचा अर्थ नुसता ‘प्रयत्न’ असा आहे. बेकननें १५९७ मध्यें तेंच नांव इंग्रजींत आणलें. एकीकडे आवळून बांधणें, दुसरीकडे सैल हातानें चांचपून पाहणें! एकोणिसाव्या शतकांत आम्ही त्या परक्या प्रकारास आपलें जुनें नांव दिलें. नांव आलें, पण त्यामागची शिस्त बरीचशी मागेंच राहिली.

ती शिस्त मीमांसकांची. कोणत्याहि वादाचा विचार ते अधिकरणाच्या रूपानें करीत: प्रथम विषय, मग त्याविषयींचा संशय, मग पूर्वपक्ष, त्यावर उत्तरपक्ष, आणि शेवटीं निर्णय. संशयावांचून विचाराला प्रारंभच नाहीं, व प्रतिपक्षाचें म्हणणें मांडल्यावांचून निर्णय देण्याचा अधिकार नाहीं, हें या रचनेचें मर्म आहे. ‘उपसंहार’ हा शब्दहि याच मंडळींचा. ग्रंथाचें तात्पर्य ओळखण्याच्या त्यांच्या सहा खुणा अशा: उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास म्हणजे पुनरुक्ति, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति. लोकमान्य टिळकांनीं १९१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत गीतेचें तात्पर्य ठरवितांना हीच कसोटी वापरली. म्हणजे उपसंहार हा मागील मजकुराचा सारांश नव्हे. आरंभीं जो प्रश्न उभा केला, त्यालाच शेवटीं उत्तर मिळालें कीं नाहीं, याची ती परीक्षा आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत या सहांपैकीं पुनरुक्ति मात्र मुबलक सांपडते!

मराठी गद्याचा इतिहास पाहतां हा भेद स्पष्ट दिसतो. लोकहितवादींचीं ‘शतपत्रें’ १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रांत येऊं लागलीं. त्यांत तळमळ विलक्षण आहे, पण तो उपदेश आहे. समोरच्याला उत्तर देण्यास फारशी जागा नाहीं. १८७४ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाला’ काढली व सात वर्षांत तिचे ८४ अंक लिहिले. लोकहितवादींवर त्यांनीं केलेला हल्ला न्याय्य होता असें मी म्हणणार नाहीं. प्रतिपक्षाचें बल दाखविण्यापेक्षां त्याचा उपहास करण्याकडे शास्त्रीबोवांचा कल अधिक. तथापि त्यांच्या निबंधांत कोणी तरी समोर उभा आहे, हें क्षणभरहि विसरतां येत नाहीं. १८८८ मध्यें ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांनीं विरोधकांचे आक्षेप एकेक करून घेतले आणि त्यांना कारणांनीं उत्तरें दिलीं. मराठी निबंध वयांत आला तो असा, वादांतून.

मग शाळेंतून पूर्वपक्ष गेला कां? माझी समजूत अशी, कीं थोड्या वेळांत ठराविक शब्दांत लिहावयाचें असलें, म्हणजे प्रतिपक्ष ही चैन वाटूं लागते. शिवाय परीक्षकालाहि तीन कप्पे तपासणें सोयीचें.

हा दोष दुसऱ्यांवर ढकलण्याचा मला अधिकार नाहीं. फार वर्षांमागें मातृभाषेंतून शिक्षण या विषयावर एका विद्यार्थ्यानें निबंधाचा निम्मा भाग विरुद्ध बाजूस दिला होता. त्या बाजूचे मुद्दे त्यानें इतके जोरदार मांडले, कीं वाचतांना मीच डळमळलों; आणि मग एकेकाचें खंडन करून तो मातृभाषेच्या बाजूनें निर्णयास आला होता. मीं लाल शाईनें शेरा मारला, ‘विषयांतर’, आणि गुण कापले. त्यानें कागद घडी करून खिशांत ठेवला. वाद घातला नाहीं. पुढें त्याचे निबंध इतरांसारखेच सुबक व निर्जीव येऊं लागले. वाद घालूं नये, हें त्याला मींच शिकविलें होतें.

आतां मी फळ्यावर प्रस्तावनेच्या खालीं ‘पूर्वपक्ष’ हा आणखी एक शब्द लिहितों. मुलें विचारतात, “सर, यालाहि गुण आहेत काय?” मी होय म्हणतों, आणि त्या जुन्या लाल शेऱ्याची आठवण मनांतल्या मनांत गिळतों.