नमनांतील कालक्रम

रत्नागिरीकडील शिमग्याच्या नमनांत एकाच रात्रीं कृष्णाच्या गवळणी येतात व संकासुरही येतो. पुराण पाहतां हा शंखासुर वेद चोरल्यामुळें मत्स्यावतारींच मारला गेला. मग द्वापरांत त्याचें काय काम? १९८१ सालीं निराळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दशावतारी मंडळी पूर्वरंगांतच त्याचा वध उरकून आख्यान लावतात. तेथें संवाद लिहिलेले नसतात. तरी मागील कथेशीं विसंगत बोलण्याची नटाची छाती होत नाहीं, कारण कथा प्रेक्षकांस मुखोद्गत असते. नमनांत युगें मिसळतात, स्वभाव मिसळत नाहींत. दोन्हींकडे संकासुर थट्टेखोरच. कथेची संगति पंचांगापेक्षां पात्रांच्या स्वभावावर टिकते, असें आम्हांस वाटतें. कालक्रम शुद्ध करण्याच्या भरांत संकासुरास रजा देऊं नये.